जुळलेले हाड आणि जुळलेली मते

मोडलेले हाड जुळले, असे केव्हा म्हणावे? प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा दिसतो, आणि वैद्यकाचा प्रश्न वैद्यांनी सोडवावा, त्यात आमच्यासारख्या अवैद्यांनी तोंड घालू नये, असे कोणी म्हणाल्यास ते गैर म्हणता यावयाचे नाही. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरे दोन प्रश्न दडलेले आहेत, व ते काही वैद्यकाचे नव्हेत. चार जाणत्यांचे एकमत झाले म्हणजे ती गोष्ट खरी ठरते काय? आणि त्यांचे मत चुकले तर त्या चुकीचे फळ कोणी भोगावयाचे? या दोन प्रश्नांसाठीच आम्ही हा विषय येथे काढला आहे.

कोल्हापुरास हाडांचा विषय नवा नाही. शाहू छत्रपतींनी १९१२ साली खासबागेचे मैदान बांधविले. त्याच्याही आधीपासून या गावच्या तालमींत हात-पाय निखळणे, मनगट मुरगळणे, क्वचित हाड मोडणे हे नित्याचेच आहे. तालमीच्या वस्तादास आणि पेठेतल्या हाडवैद्यास हाडाची जी जाण असे, ती बोटांच्या टोकांत असे. मोडल्या जागी अंगठा दाबून पाहावयाचा, गडी कळवळला नाही आणि त्या जागेस लवचिकपणा लागला नाही, म्हणजे 'बसलं' म्हणावयाचे. ही पद्धत अडाणी होती असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचा जो अध्याय आहे, त्यात हाड नीट जुळल्याची लक्षणे सांगताना अवयव आखूड झालेला नसावा, सांधा सरकलेला नसावा, फुगवटा राहिलेला नसावा आणि हालचाल सुखाने व्हावी, असेच सांगितले आहे. कालमर्यादाही दिली आहे: लहान वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. सुश्रुताला हाडाच्या आत काय चालले आहे हे दिसत नव्हते. पण म्हणूनच त्याने जो निकष ठेवला तो माणसाच्या वागण्यातला ठेवला. माणूस हिंडू-फिरू लागला की हाड जुळले.

१८९५ च्या नोव्हेंबरात व्यूर्त्सबुर्ग येथे राँटगेन यास क्ष-किरण सापडले, आणि थोड्याच दिवसांत त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे हाडांसकट चित्र काढले. तेव्हापासून हाड दिसू लागले. आणि एखादी वस्तू दिसू लागली म्हणजे ती कळलीच, असे मानण्याची मनुष्याची खोड फार जुनी आहे. आज कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, ज्यास सारे गाव 'सी. पी. आर.' म्हणून ओळखते त्याच्या, व्हरांड्यात उभे राहिले तर खेड्यापाड्यांतून आलेली माणसे काखेत क्ष-किरणचित्राचे मोठे पाकीट घेऊन बसलेली दिसतात. पाय दाखविण्याआधी ती पाकीट पुढे करतात. पायावर जेवढा विश्वास नाही तेवढा पाकिटावर आहे! पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या मोटारसायकली, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या आणि शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखाने यांच्या कृपेने अशा पाकिटांस तोटा नाही.

आता हे चित्र म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. ती सावली आहे. आणि सावलीही कशाची, तर मुख्यतः हाडातील चुन्याच्या अंशाची. मोडलेल्या जागी शरीर प्रथम जो नवा जोड घालते तो मऊ, कूर्चेसारखा असतो. त्यात चुना भरेपर्यंत तो चित्रात दिसत नाही. पुढे चुना भरू लागला की मोडीच्या भोवती ढगासारखी एक गाठ दिसते, तिला डॉक्टर 'कॅलस' म्हणतात. यास्तव हाड चित्रात दिसते त्याहून अधिक सांधलेले असू शकते. उलट, पाय भार घेऊ लागल्यावरही मोडीची रेघ कित्येक महिने चित्रात रेंगाळते. आणि किरण जरा तिरपे पडले तर असलेली रेघही दिसेनाशी होते. त्यातून मोड पट्टी आणि स्क्रूंनी अगदी घट्ट आवळलेली असेल तर कॅलस न येताच हाड भरून येते. तेथे ढग शोधणाऱ्याची फसगत ठरलेलीच. धूर दिसला तर अग्नी असावा, हे अनुमान आपल्या नैयायिकांनी शेकडो वर्षे घोळले. पण धूर नसताही तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, हे उदाहरणही त्यांनीच दिलेले आहे.

अशी सावली दहा डॉक्टर पाहतील तर दहा मते का होणार नाहीत? २००२ साली मोहित भंडारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेंहून अधिक अस्थिशल्यविशारदांस प्रश्नपत्रिका पाठवून उत्तरे मिळविली, तेव्हा नडगीचे हाड जुळले हे ठरविण्याच्या कसोट्यांविषयी त्यांच्यात एकवाक्यता नाही असे आढळले. कोणी रुग्णाच्या दुखण्यावर भर देई, कोणी कॅलसवर, कोणी दिवस मोजी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'न जुळलेले हाड' याची जी व्याख्या केली, तीही कालावरच आधारलेली आहे: नऊ महिने लोटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत काही प्रगती नाही, म्हणजे ते न जुळलेले. सुश्रुताचे तीन महिने आणि हे नऊ महिने यांत अंतर आहे, पण बोट दोघांचे दिनदर्शिकेवरच आहे.

या गोंधळावर उपाय म्हणून २०१० साली कॅनडातील व्हेलन आदी डॉक्टरांनी एक गुणपद्धती मांडली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रस्ट' म्हणतात. ज्या पायात लोखंडी सळई बसविली आहे त्या पायाच्या मोजमापास 'गंज' हे नाव पडावे, हा नामकरणाचा योग मोठा विनोदी आहे खरा! पद्धत मात्र साधी व सुबक आहे. नडगीच्या हाडाची समोरून व बाजूने अशी दोन चित्रे घ्यावयाची. त्यांत हाडाच्या चार भिंती दिसतात: पुढची, मागची, आतली, बाहेरची. प्रत्येक भिंतीस एक ते तीन गुण. कॅलस नाही व रेघ दिसते तर एक. कॅलस आला पण रेघ दिसते तर दोन. कॅलस आला व रेघ नाहीशी झाली तर तीन. बेरीज कमीत कमी चार, जास्तीत जास्त बारा. पुढे २०१५ च्या सुमारास तिचे सुधारलेले रूप आले, त्यात मधली पायरी फोडून दोन केल्या. कॅलस आला पण भिंतीच्या दोन टोकांस जोडणारा नाही, आणि कॅलसाचा पूल झाला पण रेघ अजून दिसते, असा भेद केला. तेव्हा प्रत्येक भिंतीस चार गुण झाले आणि पूर्ण जुळलेले हाड सोळांचे ठरले.

सोळा! मराठी वाचकास हा आकडा पाहून आणेवारीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. रुपयाचे आणे १९५७ साली गेले, आणेवारीची पैसेवारी झाली, तरी 'सोळा आणे खरे' हे शब्द आमच्या तोंडातून गेले नाहीत. पिकाची आणेवारी म्हणजे तरी काय होती? उत्तम पीक सोळा आणे धरून, उभे शेत डोळ्यांनी पाहून, यंदाचे पीक किती आण्यांचे हे सरकारी अंमलदाराने सांगावयाचे, आणि त्या आकड्यावर शेतसारा तहकूब करावयाचा की नाही हे ठरावयाचे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला त्याचे मूळ याच आकड्यात होते. पीक चार आण्यांहून कमी असेल तर सारा तहकूब व्हावा असा नियम होता. रयत म्हणे, पीक चार आण्यांच्या आत आहे. अंमलदार म्हणत, त्याहून अधिक आहे. दोघेही तेच शेत पाहत होते. ज्यास त्या आकड्याचे परिणाम भोगावयाचे होते त्यास आकडा ठरविण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यास अधिकार होता त्याच्या घरची भाकरी त्यावर अवलंबून नव्हती. हाडाच्या आणेवारीतही नेमकी हीच गोष्ट आहे, तिकडे आम्ही पुढे वळणार आहो.

तूर्त या गुणांच्या विश्वसनीयतेचे पाहू. २०१० च्या त्या कामात सात डॉक्टरांनी पंचेचाळीस रुग्णांची चित्रे पाहून गुण दिले, आणि त्यांच्या एकमेकांशी मेळाचा अंक ०.८६ निघाला. तेच चित्र त्याच डॉक्टरास काही दिवसांनी पुन्हा दाखविले असता त्याच्या स्वतःशीच मेळाचा अंक ०.८८ निघाला. पूर्ण मेळ म्हणजे एक. याचा ढोबळ अर्थ असा की, गुणांमध्ये जे चढउतार दिसले त्यांपैकी शंभरात सुमारे शहाऐंशी हे हाडाहाडांतील खऱ्या फरकामुळे होते, आणि उरलेले पाहणाऱ्याच्या डोळ्यामुळे. मनुष्य स्वतःशीही सोळा आणे सहमत नसतो ही गोष्ट तत्त्ववेत्त्यांस ठाऊक होतीच. डॉक्टरांनी ती दशांशात मांडून दिली, एवढेच. पुढे २०१५ साली मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाकडील अस्थिभंगांवर हीच परीक्षा झाली तेव्हा अंक उतरले: जुन्या पद्धतीस ०.६३, सुधारलेल्या पद्धतीस ०.६८. तथापि 'जुळले की नाही' एवढाच सरळ प्रश्न विचारला तेव्हा मेळ त्याहूनही कमी, ०.५३, निघाला. म्हणजे भिंतीभिंतीस गुण देणे हे एकदम निकाल देण्यापेक्षा बरे, एवढे त्यावरून म्हणता येते.

परंतु या अंकांविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि ती सांगणारे फार थोडे भेटतात. मेळ किती निघेल हे चित्रे कोणती निवडली यावर पुष्कळ अवलंबून असते. तालमीतल्या पहिलवानांची आणि बालवाडीतल्या मुलांची वजने नुसत्या नजरेने सांगा म्हटले, तर दहा जणांचा मेळ उत्तम जमेल. पण एकाच गटातल्या पहिलवानांत कोण किलोभर जड आहे हे विचारले की तेच दहा जण भांडू लागतील. कालच मोडलेले हाड आणि दोन वर्षांपूर्वी जुळलेले हाड एका गठ्ठ्यात घातले तर एकवाक्यता आपोआप वाढते. ज्या हाडांविषयी कोणासच शंका नसते त्यांस गुणपद्धतीची गरजही नसते. गरज मधल्या आठ-नऊ-दहा गुणांच्या हाडांस असते, आणि मतभेदही नेमका तेथेच दाटतो.

बरे, मेळ पूर्ण बसला असे धरून चाला. मग सत्य हाती आले काय? आमच्या मते नाही. आणि याचे उदाहरण देण्यास आम्हांस दूर जावयाचे कारण नाही. साताऱ्याकडील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांचा प्रश्न हाती घेतला. डोळ्यांच्या आणेवारीऐवजी शेतातला लहानसा तुकडा आखून, तेवढेच पीक कापून तोलावयाचे, हा मार्ग निःसंशय अधिक शास्त्रीय होता. परंतु तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपे आत धरली जाण्याचा कल होतो आणि उत्पन्न सातत्याने फुगते, असे सुखात्म्यांनी दाखविले. आता कल्पना करा की दहा कर्मचारी दहा लहान तुकडे कापीत आहेत, आणि दहाही जण कडेचे रोप आत घेत आहेत. त्यांचा मेळ उत्तम जमेल! आणि दहाही जण चुकलेले असतील. एकवाक्यता ही पाहणाऱ्यांतील नात्याची गोष्ट आहे, यथार्थता ही पाहणारा व वस्तू यांतील नात्याची. पहिली असल्याखेरीज दुसरी येत नाही हे खरे, पण पहिली आली म्हणून दुसरी येतेच असे नाही.

हाडाच्या बाबतीत ही यथार्थता तपासणार तरी कशी? जिवंत माणसाचे हाड किती भार घेते हे पिळून पाहता येत नाही. म्हणून मेंढ्यांची हाडे कापून, ती जुळू दिल्यावर, यंत्रात पिळून त्यांचे बळ मोजण्याचे प्रयोग झाले, आणि गुण व बळ यांचा काही संबंध आढळलाही. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८५ साली, माणसांच्या नडगीचे यांत्रिक स्थैर्य व क्ष-किरणचित्र यांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात चित्र हे बळाचे फारसे भरवशाचे गमक नाही, असेच निघाले होते. त्याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. किती गुण झाले म्हणजे हाड जुळले समजावे? २०१५ च्या त्याच कामात, जुन्या पद्धतीने दहा आणि सुधारलेल्या पद्धतीने तेरा गुण झाले की पाहणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण 'जुळले' म्हणतात, असे आढळले; आणि ही सीमा म्हणून पुढे सांगितली जाऊ लागली. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. डॉक्टरांच्या मतावर भरवसा नाही म्हणून गुण आणले, आणि किती गुण पुरेसे हे डॉक्टरांच्या मतावरूनच ठरविले! हे अगदीच व्यर्थ आहे असे आमचे म्हणणे नाही; विखुरलेले मत गोळा करून नीट मांडण्यातही लाभ आहे. पण आपणच घातलेल्या फुटपट्टीने आपणच लांबी मापली, हे विसरू नये.

न्यायशास्त्रात ज्ञान खरे की खोटे हे कशावरून ओळखावे याचा मोठा खल आहे. मीमांसकांचे म्हणणे, ज्ञानाचे प्रामाण्य त्याचे त्यालाच असते. नैयायिक म्हणतात, नाही, ते बाहेरून ठरते. दूरवर पाणी दिसले. ते पाणी की मृगजळ? तेथे जाऊन प्यालो व तहान भागली म्हणजे ते ज्ञान खरे. प्रवृत्ती सफळ झाली की ज्ञान प्रमाण ठरले. हा विचार आम्हांस नेहमीच सुज्ञपणाचा वाटत आला आहे, आणि हाडासही तो लागू पडतो. पाय टेकला, चालला, आठवडे गेले, काही झाले नाही, म्हणजे 'जुळले' हे ज्ञान खरे होते. फक्त एका गोष्टीत दृष्टान्त तुटतो. नैयायिकाच्या उदाहरणात पाणी पाहणारा आणि पाण्याकडे चालत जाणारा एकच आहे. मृगजळ निघाले तर पाय त्याचेच भाजतात. येथे पाहतो एक आणि चालतो दुसराच! डॉक्टरांचे ज्ञान प्रमाण की अप्रमाण, याची परीक्षा रोग्याच्या पायावर होते. आमच्या दृष्टीने साऱ्या प्रश्नाची नैतिक बाजू या एका फरकात साठलेली आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरातील तरुण मोटारसायकलवरून पडला आणि त्याची नडगी मोडली. आत सळई बसविली. चौथ्या महिन्यात एका डॉक्टरांनी चित्र पाहून 'जुळले, काठी टाका' म्हटले. घरच्यांनी खातरजमेसाठी दुसऱ्यांस दाखविले, ते म्हणाले, 'अजून दीड महिना भार देऊ नका.' दोघेही प्रामाणिक आणि अनुभवी. तरुण फौंड्रीत रोजंदारीवर होता. त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारले, "दोघंबी शिकलेली माणसं. मग आम्ही कुणाचं धरायचं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि असते तरी देण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. पण त्या प्रसंगानंतर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. दोघांनीही निकाल सांगितला, कारण सांगितले नाही. त्यांनी चारही भिंतींचे गुण कागदावर लिहिले असते तर कदाचित असे दिसले असते की तीन भिंतींविषयी दोघांचे एकमत आहे आणि वाद फक्त मागच्या भिंतीचा आहे. मग त्या भिंतीचे थोडे तिरपे चित्र काढता आले असते. 'जुळले' विरुद्ध 'नाही जुळले' या भांडणास तोड नाही. 'मागच्या भिंतीस दोन की तीन' या भांडणास आहे.

म्हणून, या गुणपद्धतीस जे लोक डॉक्टरी कलेचा अपमान समजतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. कोल्हापुरी गुऱ्हाळावर काहिलीतला रस केव्हा उतरावयाचा हे गुळव्या ठरवितो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून तो सांगतो, आणि सहसा चुकत नाही. त्याच्या हाती तापमापक देणे म्हणजे त्याचा अपमान असे कोणी म्हणेल. पण गुळव्याच्या निर्णयाची परीक्षा त्याच दिवशी, सर्वांदेखत, ढेप घट्ट झाली की नाही यावर होते, आणि चुकले तर त्या दिवशीचा गूळ जातो व त्याची पतही जाते. डॉक्टरांच्या निर्णयाची परीक्षा दूर, रोग्याच्या घरी, अनेक आठवड्यांनी होते. ज्याच्या चुकीची झळ दुसऱ्यास बसते त्याने आपला निर्णय कशावर उभा आहे हे उघडून दाखविले पाहिजे. आणि गुण हे उघडून दाखविण्याचे एक साधन आहे. खेड्याच्या रयतेने आणेवारीशी भांडण मांडले ते आकडा होता म्हणूनच. अंमलदाराने नुसते 'पीक बरे आहे' म्हटले असते तर भांडावयाचे कशाशी?

मात्र हाच आकडा दवाखान्यातून बाहेर पडला की त्याचे रूप पालटते. मोटार-अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात, कारखान्यात कामावर परत घेण्याच्या दाखल्यात, विम्याच्या कागदात 'दहा गुण' एवढेच जाते. त्याच्याबरोबरची शंका दवाखान्यातच राहते. ०.६३ चा मेळ असलेला आकडा तेथे सोळा आणे सत्याच्या वेषात उभा राहतो. आणि दोन्ही बाजूंच्या चुका सर्वांस सारख्या जड नसतात. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्यास दीड महिना अधिक थांबणे म्हणजे थोडा कंटाळा. मराठवाड्यातून पंचगंगेच्या काठी ऊसतोडीस आलेल्या जोडप्यास तोच दीड महिना म्हणजे हंगामाचा मोठा हिस्सा आणि मुकादमाच्या उचलीचा वाढता बोजा. उलट लवकर उभे केले आणि सळई तुटली, तर कारकुनास पुन्हा रजा मिळते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्यास काय मिळते? थांबवून ठेवण्यातही निर्धोकपणा नाही. स्नायू वाळतात, गुडघा आखडतो. तेव्हा एकाच नऊ गुणांच्या चित्रावर दोन रोग्यांस दोन निरनिराळे सल्ले देणारा डॉक्टर अन्याय करतो असे आम्ही म्हणणार नाही. हाड कितीचे, हे चित्रावरून सांगावे. पाऊल केव्हा टाकावे, हे त्या माणसास विचारल्याशिवाय सांगू नये. पहिल्या प्रश्नात रोग्याचे मत विचारणे हास्यास्पद, दुसऱ्यात न विचारणे अन्यायाचे.

अलीकडे क्ष-किरणचित्रे वाचण्याचे काम संगणकास शिकविले जात आहे. त्यास शिकवावयाचे कशावरून? डॉक्टरांनी आधी वाचून ठेवलेल्या चित्रांवरून. तेच चित्र हजार वेळा दाखविले तरी असे यंत्र हजार वेळा तोच आकडा सांगेल; मेळाचा अंक बरोबर एक येईल, आणि तो अंक जाहिरातीत ठळक छापलाही जाईल. कडेचे रोप आत धरण्याची सवय शिकविणाऱ्यांस असेल तर तीही त्यात उतरलेली असेल, आणि दुसऱ्या मताला जाण्याची वाट तेवढी बुजलेली असेल. दोन डॉक्टरांत मतभेद झाला तेव्हा त्या फौंड्रीतल्या तरुणाच्या वडिलांस निदान प्रश्न विचारावासा वाटला होता.